भुवनेश्वरीचा पाळणा

शिवयोगीच्या दुकानात मी हट्टानं स्पीकरच घेतले. तो बिचारा जीव तोडून सांगत होता, "काका, तुमच्या भिंतीला लागूनच मागाचा कारखाना हाय. मिक्सिंग करायचंय तर कान झाकणारे हेडफोन घ्या. स्वस्तातले हायत, पण आवाज हाय तसा ऐकवतात."

मला काय करायचंय हे त्याला ठाऊक होतं. भुवनेश्वरी, माझी बायको, गेल्या दिवाळीनंतर गेली. त्याआधी एकदा तिच्या माहेरचा, मैंदर्गीचा कानडी पाळणा मी लॅपटॉपवर रेकॉर्ड केला होता. आता जर्मनीत आमच्या आरोहीच्या मुलीचं बारसं होतं आणि तिला आईचाच पाळणा हवा होता, आवाज नीट करून. पण हेडफोन लावले की घरात पुन्हा तीच शांतता. मला भुवनेश्वरीचा आवाज घरात हवा होता. हे दुकानात कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणालो, "स्पीकरच दे. मला कळतं."

काडीचं कळत नव्हतं. मागांची धडधड चालू, त्यात तिचा आवाज बुडायचा, म्हणून मी खालचे सूर, तो बेस, वाढवत गेलो. झकास जमलं म्हणून पाठवून दिलं. आरोहीचा फोन आला, "बाबा, आई घागरीत तोंड घालून गातेय असं वाटतंय. ही आई न्हाय."

ते वाक्य फार लागलं. बायको गेली ती गेलीच, वर तिचा आवाजही मी बिघडवला. मुकाट्यानं दुकानात गेलो. शिवयोगी हसला नाही, हे त्याचे उपकार.

हेडफोन लावले आणि माग थांबल्यासारखेच झाले. वाढवलेलं सगळं कमी केलं. तिचा श्वास ऐकू आला, बांगडीही. गाणं संपल्यावर ती काहीतरी बोलली होती, तेवढं कापलं आणि आरोहीला पाठवलं.

बारशाच्या दिवशी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी होती. व्हिडिओ कॉलवर पाळणा हलला, भुवनेश्वरी गायली. आरोही डोळे पुसत म्हणाली, "बाबा, आई आली बघा." मग तिकडे पेढे वाटायची गडबड सुरू झाली आणि फोन बंद झाला.

घर चिडीचूप. मी हेडफोन बाजूला ठेवले, स्पीकर चालू केले आणि न कापलेला पाळणा लावला. समोरच्या खुर्चीतून यावा तसा तिचा आवाज आला. गाणं संपलं, आणि तिचं ते शेवटचं आलं, "अहो, झालं न्हवं तुमचं? च्या ठेवू का?"

मी मोठ्यानं म्हणालो, "ठेव की."

मग उठलो आणि एक कप चहा ठेवला.