टेनिस कोर्टावरचा प्रॉम्प्टर

उन्हाळी शिबिराच्या पहिल्याच दिवशी तृप्तीने सरांना घरी आणलं. सर स्वतः आले नव्हते, ते तिच्या तोंडून आले होते. हात धुताना सर, पोळी मोडताना सर, आणि खरबुजाची फोड उचलताना, "सर म्हणतात, उन्हातून आल्याबरोबर थंड पाणी प्यायचं नाई."

"हे मी तुले मागच्या उन्हाळ्यात सांगतलं होतं," खुशालराव म्हणाले.

"हाव का?" तृप्ती म्हणाली आणि तिने दुसरी फोड उचलली.

खुशालराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन साकोलीत स्थिरावले होते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एकच खातं उरलं होतं, ते म्हणजे ही अकरा वर्षांची नात. चिंच आंबट का, विमान खाली का पडत नाही, आजी रागावली असेल तर कोणत्या दाराने घरात शिरावं, असे सगळे अर्ज त्यांच्याचकडे यायचे. उत्तर चुकीचं असलं तरी अंतिम असायचं. आता कारधा गावचा संघपाल नावाचा एक तरुण गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभा राहिला आणि सगळे अर्ज तिकडे वळले.

"मास्तर तुमची सवत झाला म्हणा की," तृप्तीची आजी कौशल्याबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"मले कायची सवत? पोट्टीले काय शिकवून राहिला ते पाहून येतो फक्त."

"पाहून या. येताना कोथिंबीर आणजा."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत खुशालराव मैदानावर हजर झाले. मुरूम दाबून, पाणी मारून, चुन्याने आखलेलं कोर्ट होतं. त्यांना पाहताच संघपाल धावत आला. "या आबाजी, बसा," म्हणून त्याने सावलीत खुर्ची ठेवली. खुशालरावांनी खुर्ची हलवून पाहिली. चारही पाय सारखे होते. तक्रारीची पहिली संधी तिथेच गेली.

"हे तुमचं घर," संघपाल मागच्या रेषेच्या मध्यावर उभा राहून मुलांना सांगत होता. "चेंडू मारला का घरी वापस या. तिकडेच पाहत उभे राहाल, तं समोरचा रिकामी जागा पाहून मारते. गडबडीत असाल तं कोन्यातून कोन्यात, तिरपा मारा. नेट मधात ठेंगणी असते, आन तिरपी वाट लांब, म्हून चेंडूले पडाले जागा जास्त. समोरचा नेटपाशी आला तं त्याच्या डोक्यावरून उंच टाका, धावू द्या त्याले मागे. आन कायच सुचलं नाई, तं त्याच्यापेक्षा एक चेंडू जास्त वापस करा. चुकू द्या त्याले."

खुशालरावांनी सगळ्यात खोट शोधली. सापडली नाही. माणूस मूर्ख असता तर मत्सर करायला इतका त्रास पडला नसता. शिवाय तो मुलांना शिव्या देत नव्हता, उशिरा येत नव्हता, आणि जाताना "आबाजी, उद्या बी या" म्हणाला. एवढा चांगुलपणा त्यांच्या खात्यात कुणी दाखवला असता, तर त्याची चौकशी लागली असती.

घरी आल्यावर त्यांनी नातीला समोर बसवलं.

"एक चेंडू जास्त वापस करा, हे काय शिकवणं झालं? पोस्टमन बी तेच करते. लोकायले टाळी पाहिजे, टाळी. एकच फटका असा मारजो का समोरच्याची बोलती बंद."

"आबाजी, तो फटका बाहेर जाते."

"गेला तं गेला. पण कसा गेला, हे लोक पाहतात."

तृप्तीने त्यांच्याकडे अत्यंत दयेने पाहिलं. "सर म्हणतात, लोकायकडे पाहायचं नाई."

आता एक गोष्ट सांगायला हवी. नोकरीत असताना, आणि नोकरीपेक्षा जास्त मन लावून, खुशालराव झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या दिवसांत गावोगाव नाटकं. नट बाहेरगावचे, तालमी नावापुरत्या, म्हणजे खरं नाटक पडद्याआड बसलेल्या माणसाच्या हातात. खुशालराव असा आवाज टाकायचे की नटाला वाक्य मिळे आणि पहिल्या रांगेतल्या पाव्हण्यांना नुसता वारा वाटे. नटाचं अडलं की त्याच्या डोळ्यांत एक रिकामेपण येतं. ते दिसलं रे दिसलं की यांचं वाक्य पोहोचलेलं असे. नायक असो की खलनायक, कुणाचंही अडू द्यायचं नाही. अडलं की पडतं ते अख्खं नाटक, एकटा नट नाही.

शिबिराच्या शेवटी सामने ठरले. तृप्ती अंतिम सामन्यात पोहोचली, आणि समोर आला मोनू, हायवेवरच्या टायरच्या दुकानवाल्याचा मुलगा, तिच्याच वर्गातला. सामन्याआधी संघपालने सगळ्या पालकांना हात जोडून सांगितलं, "खेळ चालू असताना बाहेरून कोणी काही सांगायचं नाही. पोरं सोताच्या डोक्यानं खेळतील."

सगळ्यात जोरात मान खुशालरावांनी हलवली. वाक्य देणं हे सांगण्यात मोडत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांना फार काही नको होतं. आपल्या एका शब्दावर तृप्तीने गुण मिळवावा आणि वळून सरांकडे नाही, आजोबांकडे पाहावं, एवढंच. त्यांनी खुर्ची उचलून नेटच्या खांबापाशी नेली.

आधी सात गुण करील तो जिंकणार होता. सुरुवातीला दोघांचे दोन-दोन झाले. मग मोनू एक आखूड चेंडू उचलायला पुढे धावत आला आणि तृप्ती गोंधळली. खुशालरावांचे ओठ हलले नाहीत, पण "उंच" हा शब्द मुरमावरून सरपटत तिच्यापर्यंत गेला. तृप्तीने चेंडू मोनूच्या डोक्यावरून टाकला. तो रेषेच्या आत पडला.

आणि तिने वळून पाहिलं. खांबाकडे.

खुशालरावांनी डोळे मिटून घेतले. पूर्ण नोकरीत मिळालेली सगळी बढती एका बाजूला आणि हे एका बाजूला.

"शाबास," पलीकडून संघपाल ओरडला. "हेच शिकवलं होतं."

हे ऐकून त्यांनी डोळे उघडले. श्रेय बघता बघता चोरीला गेलं होतं. पुढच्या गुणाला त्यांनी "तिरपा" दिला, त्याच्या पुढच्याला "घरी ये". तृप्ती पाच-दोनने पुढे गेली. संघपाल प्रत्येक गुणाला टाळ्या वाजवत होता आणि प्रत्येक टाळी खुशालरावांना कानाखाली बसल्यासारखी वाटत होती.

मग तृप्ती जोशात नेटपाशी धावत आली. चेंडू मोनूकडे गेला. मोनू रॅकेट मागे घेऊन थांबला. वर चेंडू, समोर तृप्ती, आणि त्याच्या डोळ्यांत ते आलं. रिकामेपण.

"डोक्यावरून," खुशालराव म्हणाले.

त्यांना हे म्हणायचं नव्हतं. पण तोंडाला इतक्या वर्षांची सवय होती. मोनूने चेंडू डोक्यावरून टाकला. तृप्ती मागे धावली, पोहोचली नाही.

खुशालरावांनी हातरुमाल तोंडात धरला. तरीही हातरुमालातून "बॅकहँडले" गेलं, तेही मोनूला. नंतर त्यांनी ठरवलं की मोनूकडे पाहायचंच नाही. पण अडलेल्या नटाकडे प्रॉम्प्टरला न पाहताही कळतं. पाच-पाच झाले. सहा-सहा झाले. शेवटच्या चेंडूला दोघंही अडले होते. तृप्तीने आधी खांबाकडे पाहिलं, पण तिला द्यायचा शब्द जिभेवर यायच्या आत मोनूच्या भेदरलेल्या डोळ्यांनी तो ओढून घेतला. मोनू जिंकला.

संघपालने त्यालाही शाबासकी दिली. "एक चेंडू जास्त वापस केला," तो सगळ्यांना सांगत होता.

घरी जाताना तृप्ती स्कूटरवर मागे बसली, पण आजोबांना धरलं नाही. रसवंतीपाशी खुशालरावांनी स्कूटर थांबवली. स्टुलावर बसून तिने ग्लासातला बर्फ बोटाने खाली दाबला.

"मोनूले काहून सांगतलं?"

"त्याचं अडलं होतं, बाप्पा."

"माहं नाई अडत का?"

"तुले तं सर हायेत न."

"सर बाहेरून सांगत नाई. तुमी सांगत होते. मले वाटलं फक्त मलेच सांगून राहिले."

खुशालरावांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. नाकाचा शेंडा लाल, ओठ दाबलेले, नजर दुसरीकडे. गेला महिनाभर दाढी करताना आरशात हाच चेहरा त्यांना दिसत होता. त्यांना फार वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी प्रयत्न केला.

"मोनूचे कान चांगले हायेत," ते सावकाश म्हणाले. "म्हटल्याबरोबर ऐकते पोट्टा."

"मी बी ऐकतो."

"ऐकतो, पण विचार करून ऐकतो. तो सरळ ऐकते."

"उद्यापासून मी बी सरळ ऐकीन. पण त्याले सांगाचं नाई."

"पाहू," खुशालराव म्हणाले. महिनाभरात रस त्यांना इतका गोड लागला नव्हता.

तेवढ्यात गळ्यात पदक घालून मोनू रसवंतीत शिरला. "आबाजी, तुमच्यामुळंच जिंकलो," म्हणून तो त्यांच्या शेजारच्या स्टुलाकडे वळला. तृप्तीने आपलं स्टूल फरफटत आणून दोघांच्या मध्ये ठेवलं.

"ते माहे आबाजी हायेत," तिने सातबारा दाखवावा तशा आवाजात सांगितलं.

खुशालराव थोडे सरकले. मग रसवंतीवाल्याला हाक मारून त्यांनी मोनूसाठी एक रस सांगितला. मोठा ग्लास.