खोबरेल प्यालेली मोगरी

मी एक जुनी मोगरी आहे, मित्रांनो. कपडे धुताना बडवतात ती नव्हे. हा गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण त्याचा मला भारी राग येतो. मी कापडाला चकाकी आणते. दुबईतल्या अल क्वोजमध्ये एका गाळ्यात माझी बरीच वर्षं गेली. माझ्या मालकिणीचं नाव ऊमू. ती आफ्रिकेतल्या माली देशाची. आपल्या माणसांशी ती फ्रेंच बोलते आणि उरलेल्या दुबईशी मोडकीतोडकी हिंदी. मी मात्र तुमच्याशी मराठीत बोलते आहे, कारण मला घडवलं रामचंद्र सुतारांनी, आणि ते पडले राजापूरचे.

रामचंद्र मागच्या गल्लीत लाकडी खोकी ठोकायचे. ऊमूने हातवारे करून आपल्याला काय हवं ते सांगितलं. मग त्यांनी रास अल खोरच्या वखारीतून जुन्या गलबताच्या सागवानी तुळईचा एक तुकडा शोधून आणला. मला तासलं, घासलं, मुठीला गोलाई दिली. शेवटी हातावर तोलून म्हणाले, "वजन बरोबर जमलंय. आता दमानं घे गो बाय." माझं बारसं झालं ते एवढंच.

माझं काम काय ते सांगते. ऊमूच्या देशात लग्नाला आणि ईदला बाझँ नावाचं जाड सुती कापड लागतं. ते रंगवतात, खळ घालून वाळवतात आणि घडी करून ओंडक्यावर ठेवतात. मग दोघीजणी समोरासमोर बसून ते बडवतात. ऊमूची मोगरी वर गेली की तिच्या नणंदेची, जेनेबाची, खाली येते. मध्ये क्षणभर चुकलं तर मोगरीवर मोगरी आपटते. पण या नणंद-भावजयांचं कधी चुकलं नाही. कापड असं लखलखायचं की देराच्या बाजारातून येणाऱ्या बायका ते गालाला लावून बघायच्या. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा मी मनातून फुगायचे.

पण शेजारच्या गाळ्यात फोटो स्टुडिओ आला आणि आमच्या ठोक्यांना नजर लागली. रोज तक्रार. दुबईतल्या फ्रेंच बोलणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांना हात देणारी एक संस्था ऊमूच्या गाळ्याचं अर्धं भाडं भरायची. तक्रार तिथे पोचली. संस्थेत हुमेरा नावाची मुलगी काम करायची. तिची माणसं रत्नागिरीची, ती स्वतः अल मनखूलमध्ये वाढलेली, फ्रेंच शिकलेली, मनाने लाख चांगली. तिने धावपळ करून संस्थेकडून कापड दाबून गुळगुळीत करणारं मोठ्या रुळांचं एक यंत्र मिळवलं आणि थेट गाळ्यात आणून उभं केलं.

"अब नॉइज नहीं, मेहनत नहीं. प्रॉब्लेम खलास," ती खुशीत म्हणाली.

घरी आलेल्या भेटीला नको म्हणणं ऊमूच्या रीतीत बसत नाही. ती हसली आणि तिने मला फळीवर ठेवलं.

यंत्रातून निघालेलं कापड गुळगुळीत असायचं, पण त्यात जीव नसायचा. बायका ते हातात घ्यायच्या, उलटसुलट बघायच्या आणि परत ठेवायच्या. हळूहळू त्या यायच्याच बंद झाल्या. इकडे एसीच्या कोरड्या हवेत मी सुकत चालले. अंगावर बारीक चिरा पडल्या. कुणी ढुंकून बघेना.

मग एके दिवशी हुमेरा पडक्या चेहऱ्याने आली. संस्थेची समिती गुरुवारी गाळा बघायला येणार होती. धंद्यात दम दिसला नाही तर मदत बंद. मदत बंद म्हणजे गाळा बंद, लायसन्स गेलं, व्हिसा गेला, आणि नणंद-भावजयांना परतीचं विमान. ऊमूने ऐकून घेतलं आणि फळीवरून मला खाली काढलं. समितीसमोर ती कापड बडवून दाखवणार होती.

बुधवारी ती मला रामचंद्रांकडे घेऊन गेली. "ज़रा देख लो भाई. कल इज़्ज़त का सवाल है."

माझ्या चिरा बघून रामचंद्र कळवळले. आणि कोकणातला सुतार सुकलेलं लाकूड बघून गप्प बसेल तर शपथ! त्यांनी मला घासलं आणि वाटीभर खोबरेल घेऊन प्रेमाने चोळलं. किती महिन्यांची तहान ती. मी अधाशासारखी प्याले. पोट भरल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे तेल उद्या कापडावर उतरणार. माझा जीव टांगणीला लागला, पण सांगणार कुणाला?

गुरुवारी समिती आली. पिकल्या दाढीचे प्रमुख खुर्चीत बसले. रामचंद्रही इस्त्रीचा शर्ट घालून कौतुकाने दारात उभे होते. ओंडक्यावर गडद निळं बाझँ ठेवलं होतं. जेनेबाने आपली मोगरी उचलली, ऊमूने मला. पहिलाच ठोका पडला आणि ऊमूचा हात थांबला. निळ्या कापडावर लिंबाएवढा तेलकट डाग.

प्रमुखांची नजर सावकाश यंत्राकडे वळली. रामचंद्रांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हुमेरा बाय, चूक माझी," ते पुढे येऊन म्हणाले. "खोबरेल मी लावलं. त्यांना सांग, ऊमूचा काही दोष नाही."

मित्रांनो, हुमेराला गप्प राहता आलं असतं. यंत्र तिनेच आणलेलं होतं, आता ते सहज जिंकलं असतं. पण तिने शब्दन् शब्द फ्रेंचमध्ये सांगितला.

ऊमू रामचंद्रांकडे बघत राहिली. "मुझे पूछा था?"

"नाय विचारलं," रामचंद्र मान खाली घालून म्हणाले.

ऊमूने एकदा यंत्राकडे बघितलं, एकदा हुमेराकडे. "आप लोगों का दिल बहुत अच्छा है," ती हळू म्हणाली. "लेकिन पूछते नहीं हैं."

हुमेराचा चेहरा उतरला. रामचंद्र मात्र धावत जाऊन रंधा घेऊन आले. या वेळी त्यांनी आधी ऊमूला विचारलं. तिने मान डोलावल्यावरच मला फळीवर आडवं धरलं आणि तासायला घेतलं. तेलकट ढलप्या खाली पडत होत्या. एखादी चीर आत खोल गेलेली असेल तर मी दुभंगणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. समिती घड्याळ बघत होती. कोरं लाकूड लागल्यावर त्यांनी मला आपल्या पांढऱ्या बाहीवर दाबून धरलं. बाही स्वच्छ राहिली.

मग डागाची घडी आत गेली, नवी घडी वर आली, आणि दोघींचे ठोके सुरू झाले. निळ्या रंगातून उजेड वर येऊ लागला तसे प्रमुख खुर्चीतून उठले आणि वाकून बघू लागले. यंत्राकडे पुन्हा कुणी बघितलं नाही.

ठोके थांबल्यावर हुमेरा ऊमूच्या शेजारी जमिनीवर बसली आणि रामचंद्रांनाही कळावं म्हणून हिंदीतच म्हणाली, "ऊमू, आपको चाहिए क्या था? मैंने कभी पूछा ही नहीं."

"रास अल खोर में गाला," ऊमू लगेच म्हणाली. "वहाँ सब दिनभर पत्रा ठोकते हैं. मेरी आवाज़ कौन सुनेगा?"

प्रमुखांना फ्रेंचमध्ये कळल्यावर तेही हसले. मदत चालू राहिली आणि आम्ही रास अल खोरला आलो. यंत्र परत गेलं. मी आता अंगाने निम्मी झाले आहे आणि फार दिवस टिकेन असं वाटत नाही.

म्हणून जाण्याआधी एक मागणं मागते. मित्रांनो, कुणावर माया करायची असेल तर जरूर करा, पण हातात तेलाची वाटी घेण्याआधी त्याच्यासमोर बसा, त्याला काय हवंय ते विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत गप्प राहा.