अठरा वाक्यांचा अन्वय

मा दोंगछोल या माणसाला मी एकोणीस वर्षं पाण्यात पाहिलं. मी ते लपवलं नाही आणि त्यांनीही लपवलं नाही. देजॉन शहरातल्या आमच्या भाषासंस्थेत, तिसऱ्या मजल्यावर, आमची टेबलं समोरासमोर होती. मध्ये एक करडा पडदा. त्या पडद्यापलीकडून दिवसभर त्यांचं नाक ओढणं ऐकू यायचं, हिवाळा असो की उन्हाळा. एकदा मी कागदी रुमालांचा डबा पडद्यावरून त्यांच्या टेबलावर फेकला. त्यांनी तो तसाच परत फेकला.

आमचं काम म्हणजे वाक्यांचा अन्वय लावणं. "मोठ्या मुलीने गावाहून पाठवलेला सुका मासा मांजराने खाल्ला", हे ऐकलं की तुम्हाला लगेच कळतं, पाठवला कुणी, खाल्ला कुणी, सुकं काय. यंत्राला ते कळत नाही. त्याच्या लेखी ते नुसते एका रांगेत उभे केलेले शब्द. म्हणून आम्ही संगणकाच्या पडद्यावर एकेका शब्दापासून रेघ काढायची, हा शब्द ह्याला लागतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी सगळं जाऊन क्रियापदाला लटकतं. अशी लाखभर वाक्यं दाखवली की यंत्र स्वतः रेघा काढायला लागतं. माझी वहिनी अजून विचारते, "म्हणजे शाळेतलं व्याकरणच ना गं? त्याचा पगार देतात?" देतात, वहिनी. आता किती दिवस देतील ते माहीत नाही, पण देतात.

एकच वाक्य दोघांना द्यायची पद्धत आहे. दोघांनी आपापलं लावायचं. दोघांचं जुळलं तर वाक्य थेट पक्कं, पुन्हा कुणी त्याकडे बघत नाही. नाही जुळलं तर निवाड्याला. निवाडा करायचे येओम सर, आता ते हयात नाहीत. जोडीदारांनी वाक्यांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम. माझे जोडीदार मा साहेब. एकोणीस वर्षं आम्ही एकच वाक्य वाचत आलो आणि त्याबद्दल एकमेकांशी बोललो नाही. बाकी बोलायचो, पण ते ऐकण्यासारखं नव्हतं.

"प्यो बाई, आज चाळीसच? तब्येत बरी नाही का?"

"तुमच्यासारखं डोळे मिटून केलं असतं तर शंभर झाली असती, मा साहेब."

खरंच ते डोळे मिटून करायचे. शब्द दिसला की जवळच्या शब्दाला बांधायचा आणि पुढे पळायचं. लांबचं वाक्य पुढे कुठे जातंय ते बघायचा धीरच नाही. मी आधी शेवटपर्यंत वाचते, मग मागे येते. मला वेळ लागतो. लागू दे.

या वर्षी मार्चमध्ये थाक सोजिनने आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं. थाक आमची संचालक, वय छत्तीस. एके काळी माझ्याच हाताखाली शिकायला होती. पहिली रेघ कशी काढायची ते मी तिला दाखवलं. तिने दोघांना कॉफी दिली, आणि कॉफी दिली म्हणजे काहीतरी वाईट येणार हे मला कळलं.

"बाई, साहेब, आता नव्वद टक्के काम यंत्रच करतं," ती म्हणाली. "त्यावर नजर ठेवायला एक माणूस पुरे. दोघांपैकी एक."

"मग मीच," मा म्हणाले.

"का हो? तुमच्या आजोबांची संस्था आहे?" मी म्हटलं.

थाक हसली नाही. म्हणाली, "परीक्षा घेऊ. जुन्या पक्क्या वाक्यांतली दोनशे. ज्याचं जास्त जुळेल तो राहील."

मी चोपन्न वर्षांची आहे. या कामाशिवाय मला काही येत नाही, आणि या वयात मला दुसरीकडे कोण बसवून घेणार? नवरा नाही, मूल नाही. सकाळी उठून कुठे जायचं, तर हे एकच ठिकाण. मा साहेबांची बायको आहे, दोन मुलं सोलला कमावतात, गावात संत्र्यांची बाग आहे. त्यांना ही खुर्ची हवी होती ती केवळ मला मिळू नये म्हणून. निदान माझी तशी खात्री होती.

बुधवारी परीक्षा झाली आणि गुरुवारी निकाल. मा एकशे त्र्याऐंशी, मी एकशे शहात्तर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "उत्तरं दाखव," मी थाकला म्हटलं. "सगळी. आत्ता."

"बाई, निकाल लागलाय."

"दाखव म्हणते ना!"

तिने भिंतीवरच्या पडद्यावर उत्तरं उघडली. माझी चोवीस चुकली होती. त्यातली सहा मी मुकाट्याने मान्य केली. उरलेली अठरा बघून मी ताडकन उभीच राहिले. ती माझी चूक नव्हती, उत्तरंच चुकीची होती. शेंबडं पोरही सांगेल अशी चूक. सगळं जवळच्या शब्दाला बांधलेलं.

"ही कुणी लावली?"

थाकने नोंद उघडली आणि तिचा चेहरा जरा विचित्र झाला. "बाई, ही जोडी तुमचीच आहे. एकोणीस वर्षांपूर्वीची. इथे साहेबांचं नाव, इथे तुमचं. शंभर टक्के जुळलेलं, म्हणून निवाड्याला गेलंच नाही." मग ती हलकेच म्हणाली, "तुम्ही स्वतःशीच जुळत नाही आहात."

मा साहेब खिडकीतून बाहेर बघत होते.

मी तारीख वाचली. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. त्या आठवड्यात मी इथे नव्हतेच. हेनामला होते, माझ्या गावी, आई गेली होती. नोकरीला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. तेव्हाचे संचालक कुक साहेब म्हणजे कसाई; शुक्रवारी गठ्ठा आला नाही तर सोमवारी माणूस नाही, मग घरी कुणी मरो की जन्मो. मी सोमवारी परत आले ती सामान न्यायचंच म्हणून. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, कुक साहेबांना पाझर फुटला. मी एकोणीस वर्षं त्या कसायाबद्दल मनात थोडं बरं बाळगून होते.

आणि या रेघा. माणसाचं अक्षर ओळखावं तशा मी मा साहेबांच्या रेघा ओळखते. तेव्हा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरलाच चिकटवलेले असायचे. त्यांनी आपलं काम केलं, मग माझ्या खुर्चीत बसून माझं केलं.

मला सगळं कळलं, आणि कळल्याक्षणी दुसरंही कळलं. मी गप्प बसले तर मी घरी जाणार. बोलले तर ही अठरा बाद, आणि ती सोडून मोजलं तर मी पुढे. दोन्ही गोष्टी समोर स्पष्ट होत्या.

मा साहेबांनी मान वळवली. "सोडा ना, प्यो बाई," ते म्हणाले. हळू म्हणाले, जवळजवळ सभ्यपणे. एकोणीस वर्षांत असा आवाज मी ऐकला नव्हता, आणि नेमक्या त्यानेच माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता बरा गोड बोलतोय! खुर्ची हातात आली म्हणून!

"हे माझं नाही," मी म्हटलं. "मी त्या आठवड्यात गावी होते, आईच्या मयतीला. रजेचा अर्ज दप्तरात असेल, काढून बघ."

"मग कुणी केलं?" थाकने विचारलं.

जोडीत माणसं दोनच असतात.

"मी केलं," मा म्हणाले. "त्यात एवढं काय? हिला काढलं असतं तर माझ्या जोडीला कुक साहेबांचा भाचा आला असता. त्या गाढवापेक्षा ही बरी."

थाक एकदम बर्फासारखी झाली. चुकीची रेघ आमच्याकडे माफ होते. दुसऱ्याच्या नावाने काढलेली रेघ होत नाही. दोघांनी वेगवेगळं केलं, या एका भरवशावर तर सगळं उभं आहे. त्याच संध्याकाळी मा साहेबांचं कार्ड बंद झालं. निवृत्तीचा समारंभ नाही, फुलं नाहीत, एकत्र जेवण नाही. वरून संस्थेच्या पत्रात एक ओळ, ज्यात त्यांच्या नावापुढे 'बनावट' हा शब्द होता. ते पत्र सगळ्या मजल्यांवर लागलं. मी लिफ्टपाशी उभी होते तेव्हा ते खोका घेऊन आले.

"मला सांगायचं तरी होतंत," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही आभार मानले असते," ते म्हणाले. "तुमच्या तोंडून ते ऐकायचं म्हणजे शिक्षाच. सरका, खोका जड आहे."

मी सरकले. लिफ्टचं दार लागलं.

खुर्ची मला मिळाली. पहिलं काम थाकने दिलं ते त्या आठवड्याचा गठ्ठा तपासायचं. एकूण चाळीस वाक्यं; जोडीत नवखं माणूस असलं की तेव्हा आठवड्याला तेवढीच देत. शेवटची अठरा मी खोडली, दहा मिनिटांत. मग पहिली बावीस उघडली. ती परीक्षेत नव्हती, म्हणून मी पाहिलीच नव्हती.

ती बावीस माझी होती.

म्हणजे माझी नव्हती, पण होती. माझ्या नावाखालच्या रेघा शेवटपर्यंत वाचून, मागे येऊन काढलेल्या. लांबच्या शब्दाला धरून, जवळचा मोह सोडून. मी जिथे अडते तिथे अडलेल्या, मी जो हट्ट करते तोच हट्ट. आणि शेजारी, मा साहेबांच्या नावाखाली, त्यांची नेहमीची पळापळ. अकरा वाक्यांत दोघांचं जुळलं नव्हतं. निवाड्याला गेली होती. येओम सरांनी अकराच्या अकरा वेळा माझ्या बाजूने कौल दिला होता.

मी ते तीनदा वाचलं. नोकरीला लागून मला दोन महिने झाले होते तेव्हा. दोन महिन्यांत या माणसाने मी कशी वाचते ते आत्मसात केलं, मग माझ्या बाजूने स्वतःशी भांडला आणि अकरा वेळा हरला. जगात मला कुणी इतकं बारकाईने ओळखलं नाही. आईनेही नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा त्यांचाच राग आला.

मी फोन लावला. त्यांनी उचलला.

"काय आहे?"

"ती पहिली बावीस पाहिली."

"मग? चूक सापडली एखादी?"

"नाही."

"मग फोन कशाला केलात?"

"तुम्हाला येतं की हो नीट लावायला," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "एवढं सुंदर येतं, तर एकोणीस वर्षं डोळे मिटून का केलंत? आणि बावीसवरच का सोडलंत?"

"थकलो," ते म्हणाले. "तुमच्यासारखा विचार करायचा म्हणजे डोकं फुटायची वेळ येते. दुसऱ्या दिवशी गठ्ठा द्यायचा होता. पुढचं मग माझ्या पद्धतीने लावलं." मग म्हणाले, "ती अठरा मी नंतर सुधारायला हवी होती. विसरलो. कालवण गॅसवर आहे, ठेवतो."

त्यांनी ठेवला. मी पुन्हा लावला तर उचलला नाही.

सोमवारी थाक माझ्या टेबलाशी आली. पलीकडचा पडदा काढून टाकला होता, त्यामुळे ती दारातून निघाल्यापासून मला दिसत होती. हातात कागद होता.

"बाई, अठरा गेली. पहिल्या बावीसचं काय करू? काम उत्तम दिसतंय."

"ती साहेबांनी केली," मी म्हटलं. "त्यांचं नाव लाव."

"ते नाव आता कशावरच लागणार नाही, वरचा हुकूम आहे. आणि नावाशिवाय पक्कं वाक्य ठेवता येत नाही." तिने पेन पुढे केलं. "तुमची असतील तर राहतील. नसतील तर खोडते. यंत्र पुढच्या आठवड्यापासून नव्याने शिकणार आहे, मला आज कळायला हवं."

"माझी आहेत," मी म्हटलं.

तिने कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "आत्ता म्हणालात साहेबांनी केली. आणि परवा तुम्हीच म्हणालात, तुम्ही त्या आठवड्यात गावी होता. रजेचा अर्जसुद्धा काढायला लावलात."

"साहेबांचं नाव कुठेतरी राहावं म्हणून आत्ता तसं म्हटलं. निघायच्या आधी बावीस करून गेले होते. शेवटची अठरा राहिली होती."

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" तिचा आवाज कडक झाला. "अर्धा गठ्ठा तुमचा होता, हे कळलं असतं तर साहेबांचं प्रकरण इतकं वाढलं नसतं. आईच्या मयतीला गेलेल्या जोडीदाराची राहिलेली अठरा वाक्यं पुरी केली, एवढंच. ताकीद देऊन सोडलं असतं मी त्यांना."

तीच गोष्ट गुरुवारी सांगितली असती तर चाललं असतं. तेव्हा मला खोटं बोलायचं सुचलं नव्हतं. खोटं नाही सुचलं ते नाहीच, पण गप्प बसायचंही सुचलं नव्हतं.

"आठवलं नाही," मी म्हटलं.

थाकने मान हलवली, कागदावर बोट ठेवलं. मी सही केली, आणि बावीस वाक्यं माझ्या नावाने यंत्राकडे गेली.