दोन खाचांची काठी

या मित्रांनो, जरा पुढे सरका. लाकडाला आवाज तो केवढा असणार! मागे बसलात तर निम्मी गोष्ट वाऱ्यावर जाईल. खरी सांगेन, एवढं वचन देते. गोड लागेल असं म्हणत नाही.

मी एक जुनी मापकाठी आहे. शेतात दोन ओळींमध्ये किती अंतर ठेवायचं, ते मोजायची काठी. सुताराने मला रंधा मारला, पोटभर तेल पाजलं आणि माझ्या अंगावर दोन खाचा पाडल्या. एक टोकापासून दीड फुटावर, दुसरी अडीच फुटांवर. मला करवून घेणारी ताई समोरच उकिडवी बसली होती. ती सगळं वितीने मोजायची, म्हणून शेजारीपाजारी तिला वीतबाई म्हणत.

सुतार म्हणाला, "ताई, दोन खाचा कशाला? लोक एकच पाडून घेतात."

"लांबची आमच्या बाबांची, जवळची माझी."

"म्हणजे घरात दोन मतं. मग दोन काठ्याच करून घे की!"

"नको. भांडण झालं तर दोघांच्या हातात काठी नको."

सुतार एवढा हसला की त्याच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. माझा जन्म असा हसण्यात झाला, मित्रांनो. पुढे हसू फारसं वाट्याला आलं नाही.

त्या घरी मका अडीच फुटांवर पेरत. दोन ओळींच्या मधली माती आठवडेच्या आठवडे उघडी राहायची, तिच्यावर ऊन पडायचं आणि तण माजायचं. मग ताई आणि तिची वहिनी खुरपी घेऊन बसत. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईतो मागे पुन्हा हिरवं झालेलं असे. वहिनीची कंबर अशी धरली होती की उभं राहायचं तर तिला आधी गुडघ्यावर हात टेकून देवाचं नाव घ्यावं लागे.

ताईने परसातल्या दोन वाफ्यांत वेगळं करून पाहिलं. आधी ताग पेरला. तो फुलावर आला तसा, बी धरायच्या आत, आडवा पाडला. वाळून त्याची मातीवर जाड गादी झाली. त्या गादीत ओळीपुरती फट पाडून तिने मका टोकला, माझ्या जवळच्या खाचेने, दीड फुटावर. रोपं तेवढीच, फक्त ओळीत थोडी लांब लांब. खाली गादी, वर लवकर भिडलेली पानं. तणाला ना ऊन मिळालं, ना डोकं वर काढायला जागा. वहिनीने वाफ्यात वाकून पाहिलं आणि मलाच उचलून कपाळाला लावलं. तेवढं एक कौतुक माझ्या वाट्याला आलं. ते मी अजून जपून आहे.

बाबा मात्र वाफ्याला शेत म्हणणारे नव्हते. ते म्हणाले, "अर्धं शेत एका हंगामापुरतं तुझं. तुरे येईपर्यंत खुरपं न लावता स्वच्छ राहिलं, तर पुढच्या वर्षी सगळं शेत तुझ्या मापाने. नाही राहिलं, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ताईने ताग पेरला, वेळेवर पाडला. गादी अशी बसली की चालताना पावलांचा आवाज येत नव्हता. आणि पेरणीला चार दिवस असताना ती पाण्याच्या पाटावरून घसरली. घोट्याचं हाड मोडलं. पायाला प्लास्टर, आणि महिनाभर खाटेवरून उठायचं नाही.

तिने धाकट्या भावाला बोलावलं. मला त्याच्या हातात दिलं आणि माझ्या अंगावर अंगठा ठेवून म्हणाली, "ही जवळची खाच. लांबची नाही. आणि गादीला हात लावू नकोस."

"अगं ताई, मला काय डोळे नाहीत?"

डोळे होते. शेतात गेल्यावर त्याने त्याच डोळ्यांनी वाळलेला ताग पाहिला आणि त्याला गोठ्यातली गुरं आठवली. "एवढा चारा कुजवायचा?" असं पुटपुटत त्याने गादी दाताळ्याने ओढून काढली. मग मला आडवं धरलं. जवळच्या खाचेवर खुंटी टेकवली, थांबला, आणि सरकवून लांबच्या खाचेवर नेली. तण काढायचं बैलाचं कोळपं दीड फुटात शिरणार नव्हतं ना! तण आलंच तर निदान कोळपं चालवता येईल, ताईचीच अब्रू राहील, असा त्याचा हिशोब. तो वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला ताईची माया होती, विश्वास तेवढा नव्हता. आणि मी? ओळीमागून ओळ माझ्याच अंगाने चुकीची पडत होती. देवाने मला माप दिलं, जीभ दिली नाही.

मका उगवला आणि पावसाने अशी झड धरली की दोन आठवडे शेतात पाय ठरेना. कोळपं गोठ्यातच राहिलं. उघड्या मातीत तण मक्याच्या गुडघ्याला लागलं, बांधावरून ओळीही ओळखू येईनात.

प्लास्टर निघालं त्या दिवशी ताई मला टेकत टेकत बांधावर आली. तण बाजूला सारत आत शिरली. मग खाली बसून तिने मला दोन ओळींच्या मध्ये ठेवलं. दुसरी ओळ लांबच्या खाचेवर आली. तिने पुढे सरकून पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. मातीत बोटं घातली, तागाची एक काडी हाताला लागली नाही.

भाऊ मागे उभा होता. "ताई, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"मला विचारायचं होतंस. मी खाटेवर होते, मेले नव्हते."

तेवढ्यात बाबा आले, बरोबर दोन शेजारी. एकाने लांबूनच टोमणा मारला, "काय वीतबाई, मका पेरला की कुरण?"

मी ताईच्याच हातात होते. दोन ओळींवर ठेवून दाखवलं असतं तर माझ्या खाचेने सगळं सांगितलं असतं. भावाचा चेहरा मातीसारखा झाला होता. ताईने त्याच्याकडे पाहिलं, मला पदराआड घेतलं आणि म्हणाली, "बाबा, माझा अंदाज चुकला."

"मग झालं," बाबा म्हणाले. "विषय संपला."

शेजारी गावभर सांगत फिरले, ताग-बिग पेरून काही होत नाही, वीतबाईने करून पाहिलं. ज्या दोघी-तिघी बायका परसातले वाफे पाहून तिला विचारायला येत, त्या यायच्या थांबल्या. त्या हंगामात ताई लंगडत खुरपायला बसली, शेजारी वहिनी. मी गोठ्याच्या दाराला अडसर झाले. गुरांनी रेटून रेटून मला वाकवलं, आता माझं मापही खरं राहिलं नाही.

खुरपताना वहिनीला ओळींचं अंतर कळलं होतं. एकदा दाराशी तिने विचारलं, "वन्सं, त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"लोकांसमोर भाऊ गेला असता गं."

"मग आता कुठे आहे तो?"

ताईने मला दारात अडकवलं आणि ती आत गेली. त्या दिवसापासून भाऊ तिच्या नजरेला नजर देत नव्हता. ती ओसरीवर आली की तो उठून जायचा. तिने ज्याला वाचवलं, त्यालाच ती नकोशी झाली. शेत गेलं ते गेलंच, वर भाऊही गेला.

मित्रांनो, कुणी विश्वासाने आपलं माप तुमच्या हातात दिलं, तर त्याच मापाने काम करा. पटत नसेल तर तोंडावर नाही म्हणा. मागून केलेली मदत फार महाग पडते, आणि ती दुसऱ्यालाच भरावी लागते. आणि मक्याच्या शेतात कंबर मोडून तण काढणारी एखादी बाई दिसली, तर क्षणभर थांबा आणि आमच्या ताईची आठवण काढा. तिचं चुकलं नव्हतं. हे माणसांपैकी तिघांनाच ठाऊक होतं, आणि तिघंही गावासमोर बोलले नाहीत.