नारळाचा मान

नागेंद्रला डोंगर चढायची आवड आहे, असं सगळे म्हणत. खरं तर त्याला डोंगरावर पहिलं पोचायची आवड होती. या दोन आवडी वेगळ्या असतात, हे त्याच्या बायकोनं त्याला दाखवून दिलं, आणि तेही आवाज न चढवता.

नागेंद्र मूळचा बेळगुंदीचा. बेळगावात एका पतसंस्थेत मॅनेजर झाला आणि शहापुरात घर करून राहिला. चाळिशीनंतर पोट सुटलं तेव्हा डॉक्टरनं सायकल चालवायला सांगितलं. यानं सायकल घेतली ती घेतली, वर तीन माणसं गोळा करून मंडळच काढलं. निवृत्त एसटी कंडक्टर कृष्णातआप्पा, निपाणीचा इंजिनियर प्रेमानंद आणि कॉलेजात शिकवणारी सुविधा. दर रविवारी एक डोंगर. डोंगर कसले, टेकाडंच. पण माथ्यावर उभं राहिलं की भाताची खाचरं, काजूच्या बागा आणि धुक्यात बुडालेली गावं दिसायची आणि आठवडाभराचा शीण जायचा. जिथवर वाट जाईल तिथवर सायकल, तिथून पुढं पायी.

मंडळाचा एक नियम नागेंद्रनंच केला होता. जवळजवळ प्रत्येक माथ्यावर कुठला ना कुठला देव असतोच. जो पहिला पोचेल त्यानं तिथं नारळ फोडायचा. त्याचा मान. बेळगुंदीच्या जत्रेत मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांचा, आणि नागेंद्रचं घर त्यात कधीच नव्हतं. लहानपणी तो गर्दीत मागं उभा राहून दुसऱ्यांच्या हातातला नारळ बघायचा. त्यामुळं हा रविवारचा नारळ त्याला किती गोड लागत असेल, ते सांगायला नको. दोन वर्षं तो त्याच्याच हातानं फुटत होता.

मग मंगल यायला लागली. मंगल म्हणजे त्याची बायको. “घरात बसून काय करू, मीबी येतो की,” म्हणाली. नागेंद्रनं मोठ्या मनानं तिला सायकल घेऊन दिली आणि गिअर कसे टाकायचे ते शिकवलं. तिनं सगळं मुकाट शिकून घेतलं. तिचं माहेर कोगनोळीचं, आणि शाळेसाठी ती रोज निपाणीपर्यंत सायकल मारत होती, ही गोष्ट लग्नाला वीस वर्षं झाल्यावर त्याला तेव्हा कळली. दिवाळीनंतर ती पहिली पोचायला लागली. गाजावाजा नाही, काही नाही. ती आपली माथ्यावर पदर खोचून उभी असायची आणि हा धापा टाकत वर यायचा. “या, बसा जरा,” म्हणायची आणि नारळ फोडायची. नागेंद्र हसायचा. ते हसू बघून कृष्णातआप्पा दुसरीकडं बघायचे.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या रविवारी बेत निघाला बेळगुंदीच्याच डोंगराचा.

सकाळी सगळे गावातल्या रवळूच्या हॉटेलात थांबले. रवळू नागेंद्रचा शाळेतला सोबती. गरम भजी पुढ्यात ठेवता ठेवता तो मोठ्यानं म्हणाला, “काय रं नागेंद्र, आता वहिनीच म्होरं असत्यात म्हणं! दुसऱ्या डोंगरांचं सोड, आपल्या डोंगरावर तरी म्होरं ऱ्हा बाबा. गावात तोंड दाखवायचं हाय न्हवं?”

बाकड्यावरची चार माणसं हसली. मंगलही हसली. नागेंद्रच्या कानाची पाळी तेवढी लाल झाली.

पुढं त्यानं जे केलं ते लिहितानाही लाज वाटते. सगळे भजी खात असताना तो उठला आणि भिंतीला टेकवलेल्या सायकलींकडं गेला. बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून मंगलच्या सायकलीशी वाकला, मागच्या चाकाच्या व्हॉल्वचं टोपण काढलं आणि नखानं व्हॉल्व दाबून धरला. सगळी हवा नाही सोडली. तेवढं पाप नको, असं त्याच्या मनात आलं. माणूस स्वतःशी असाच हिशेब करतो. निम्मी हवा सोडली, टोपण लावलं आणि हात पँटला पुसत परत येऊन चहा मागितला. मंडळाचा एकुलता एक पंप त्याच्याच पिशवीत होता.

वाट काजूच्या बागांतून लाल मातीची, वर जाईल तशी दगडगोट्यांची. नागेंद्र असा सुटला, की जणू मागं पोलीस लागलेत. मागं वळून बघितलं नाही. वर सपाट माळ लागतो, तिथं सायकल टाकली आणि उरलेला खडकाचा चढ हातापायांवर चढून तो माथ्यावर पोचला. पहिला! रवळनाथाच्या शेंदरी दगडासमोर नारळ घेऊन उभा राहिला. खाली गाव दिसत होतं. थंड वारा होता, ऊन कोवळं होतं. दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते सगळं तिथं होतं, आणि याला आनंद म्हणून होईना. नारळ हातात जड लागायला लागला.

बऱ्याच वेळानं प्रेमानंद आला, मग आप्पा, मग सुविधा.

“मंगल?” नागेंद्रनं विचारलं.

“आक्कांच्या चाकातली हवा गेली,” सुविधा म्हणाली. “ढकलत येताहेत. मी तुम्हाला फोन लावणार होते, पंप तुमच्याकडं आहे म्हणून. पण त्यांनीच लावू दिला नाही. म्हणाल्या, ‘त्यांच्या गावचा डोंगर हाय, त्यांस्नी आज पयलं पोचू दे.’”

 नागेंद्रनं नारळ देवापुढं ठेवला, पिशवीतून पंप काढला आणि खाली धावला. पायाखालचे दगड घरंगळत होते, त्याचं भान नव्हतं.

मंगल निम्म्या वाटेवर भेटली. साडीला काट्यांनी ओरखडे, कपाळावर घाम, सायकल रेटत येत होती. त्याला बघून थांबली. त्यानं चाक हातात घेतलं, पंप लावला आणि हवा भरायला लागला. हवा भरली तशी टिकली. पंक्चर बिंक्चर काही नव्हतं, हे दोघांनाही दिसलं.

“मघाशी हाटेलाच्या मागं हात धुवायला गेलतो,” मंगल शांतपणे म्हणाली. “तिथनं बघितलं तुमास्नी.”

नागेंद्रचा हात पंपावरच राहिला.

“मग… मग तिथंच का न्हाय बोललीस?”

“काय बोलू? रवळूभावजी हुते, गावची माणसं हुती. माझ्या नवऱ्यानं माझ्या चाकाची हवा सोडली म्हणून सांगू?” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “मला राग न्हाय आला वो. लाज वाटली. तुमी केल्यासा, आन लाज मला वाटली.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. नागेंद्रला तेव्हा त्याचा अर्थ कळला. त्याला म्हणायचं होतं, चुकलो. पण तोवर मंगल सायकलवर बसून निघून गेली. तो पंप हातात घेऊन मागून चालत राहिला.

तो वर पोचला तेव्हा सगळे वाट बघत उभे होते. कृष्णातआप्पांनी नारळ उचलून त्याच्या हातात दिला. “फोड गड्या. आज तू पयला. तुझा मान.”

नागेंद्रनं मंगलकडं बघितलं. ती खालच्या गावाकडं बघत होती.

“माझा न्हाय आप्पा,” तो म्हणाला. “हिच्या चाकातली हवा मीच सोडलीती.”

 प्रेमानंद खो खो हसायला लागला. “वा! बायकोला मान मिळावा म्हणून चोरी अंगावर घेणारा नवरा आज पहिल्यांदा बघितला!” सुविधानं टाळ्या वाजवल्या. आप्पांनी पाठीवर थाप मारली, “लई दिलदार माणूस रं तू, नागेंद्र!”

झालं! खरं बोलला, तर त्याचाही मान यालाच मिळाला. आणि सांगायला वाईट वाटतं, पण एक क्षण नागेंद्रलाही हसू फुटलं होतं. त्याच हसण्यावर गाडी सरळ घरी गेली असती. गावात उलट नावच झालं असतं.

पण मंगल आता वळून त्याच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. हा आता काय करतो, एवढंच ती बघत होती.

“हसू नकासा,” नागेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. “खरंच सोडली. तुमी भजी खात हुतासा तवा. नखानं व्हॉल्व दाबला. ही म्होरं जाती म्हणून. मला सोसंना म्हणून.”

हसणं थांबलं. प्रेमानंद बुटाचा बंद बघायला लागला. सुविधा मंगलशेजारी जाऊन उभी राहिली. आप्पांनी नागेंद्रच्या हातातून नारळ काढून घेतला आणि मंगलला दिला. तिनं तो दगडावर आपटला, पाणी देवावर सांडलं, खोबऱ्याचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले. नागेंद्रलाही दिला, त्याला टाळलं नाही. 

खाली माळावर येऊन सगळ्यांनी सायकली उचलल्या. नागेंद्र मुद्दाम मागं थांबला. आज सगळ्यांच्या मागं राहायचं, बायकोच्या मागं राहायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तेवढंच जमण्यासारखं होतं.

“तू हो म्होरं,” तो मंगलला म्हणाला. “मी मागनं येतो.”

मंगलनं मान हलवली.

“नगो,” ती म्हणाली. “तुमी म्होरं चला. माझ्या मागं ऱ्हाऊ नकासा. म्होरं, मला दिसतासा तिथं.”

नागेंद्र पुढं झाला. उतारभर बायकोची नजर पाठीवर घेऊन, दोन्ही ब्रेक दाबत, तो सगळ्यांच्या पुढं गावात शिरला. हॉटेलाच्या दारातून रवळूनं बघितलं आणि आरोळी ठोकली, “शाब्बास रं गड्या, पयला!”