भोपळ्या तोंड फिरवतो

आक्का कुणाच्या आजारपणाला कधी रिकाम्या हाताने गेली नव्हती. मग घरचा कुत्रा भोपळ्या प्राण्यांच्या दवाखान्यात असताना कशी जाईल? उकडलेली कोंबडी आणि कुस्करलेलं अंडं डब्यात भरून ती रोज निघायची. डॉक्टरीणबाईंना विचारून तरी न्या, असं सून एकदा म्हणाली. त्यावर आक्काने तिला सुनावलं की जिचा मोजा गिळून तो तिथे पडलाय, तिने तोंड मिटून बसावं.

मोजा पोट चिरून काढला होता. पण भोपळ्या खात नव्हता. वाडगं पुढे आलं की ओठ चाटायचा, लाळ गिळायचा आणि तोंड भिंतीकडे करायचा. आक्काला वाटलं, लाडात आलाय. तिने जबडा उघडून बोटाने घास आत ढकलायला सुरुवात केली. घरची चार पोरं तिने अशीच वाढवली होती, त्यांना कधी कुणी मर्जी विचारली नव्हती. घास बाहेर यायचा. ती फडक्याने पुसायची, पुन्हा ढकलायची आणि घरी येऊन सांगायची की आज घासभर खाल्लं.

आधी तो डबा उघडला की तोंड फिरवायचा. मग डबा नुसता दिसला तरी. परवापासून तर दारात तिच्या चपला वाजल्या की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात सरकायचा. हे तिने कुणाला सांगितलं नाही. रात्री कूस बदलत राहायची आणि सकाळी डबा आणखी गच्च भरायची.

मग डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं. टाके अजून ओले होते, पोटात अन्न नाही म्हणून जखम भरत नव्हती. आतला टाका सुटला तर भोपळ्या हाताला लागणार नाही, असं त्या स्पष्ट बोलल्या. नाकातून पोटात नळी घालून पातळ खाणं द्यायचं, तेही आजच.

आक्काच्या पायाखालची जमीन सरकली, पण जीभ काही मागे हटली नाही. "माझ्या घरचं जनावर उपाशी आहे म्हणता? बघा तरी त्याच्याकडे. उगाच भोपळ्या म्हणतो का आम्ही? महिनाभर नाही खाल्लं तरी दिसायचं नाही."

"दिसायचं नाही, तेच तर," बाई म्हणाल्या. "त्याला आंघोळ तुम्हीच घालता ना? डोळे मिटा आणि डोकं चोळा."

आक्काने फणकाऱ्याने डोळे मिटले. साबण लावताना चोळायची तसा हात फिरवला आणि हात थांबला. डोळ्याच्या वर, कानाच्या अलीकडे जिथे गुबगुबीत मांस होतं, तिथे अंगठा खड्ड्यात बसला. तिने पाठ चाचपली. पोटावर चरबीची वळी तशीच होती, पण पाठीचा कणा कौलारू छपराच्या आढ्यासारखा वर आला होता.

बाईंनी सांगितलं, आजारी शरीर आधी अंगातलं मांस खातं, चरबी मागे राहते. काट्यावरचं वजनही फसवं, सलाइनचं पाणी अंगात साठलंय. शिवाय त्याला मळमळतंय. त्यात कुणी कोंबलं की तो खाण्यालाच घाबरतो आणि त्या... इथे बाई थांबल्या.

"म्हणा पुढे."

"त्या हातालाही."

आक्का काही वेळ पिंजऱ्याच्या कडीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "घाला नळी."

बाहेर बाकावर सून येऊन बसली होती. आत नळी घालायचं चाललं होतं. दार बंद होतं. आक्का दाराकडे बघतच बोलली, "तो काही खात नव्हता. घासभर म्हणायची ते खोटं होतं."

"माहीत आहे, आई. डबा परत येताना जड असायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तोंड मिटायला सांगितलं होतं."

आक्काने बाजूचा भरलेला डबा उचलून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ती डबा न घेता निघाली. हात साबणाने पुन्हापुन्हा धुतले. भोपळ्याच्या नाकाशी नळी चिकटवली होती. चपला वाजल्या तसा तो कोपऱ्यात सरकला. आक्का जमिनीवर बसली. हातांचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून ते उपडे मांडीवर ठेवले, मग उताणे केले. बराच वेळ गेला. तो नाक पुढे करून एकेक बोट हुंगत राहिला. डबा कुठे लपवलाय ते शोधत होता. सापडला नाही, तेव्हा त्याने जड डोकं तिच्या तळहातावर टाकलं.

अंगठा आपोआप त्या खड्ड्यात गेला. खड्डा कालच्याइतकाच खोल होता. तिने अंगठा तिथेच ठेवला, उद्या मापायला लक्षात राहावं म्हणून.