सरळ रेषेतलं अंतर

मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की पान लगेच सांगतं: अंतर इतके किलोमीटर, प्रवास चार तास दहा मिनिटं. मी तेवढंच वाचलं आणि धावत आईकडे गेले. "दादा निघतोय. चार तासांचं तर विमान. चहाच्या वेळेला तुझ्यासमोर बसलेला असेल."

तिथेच मी माती खाल्ली.

कारण आईने लगेच सिस्टरांचा हात बाजूला केला. सिस्टर म्हणजे घरी येणाऱ्या नर्सबाई. त्यांनी इंजेक्शन भरून तयार ठेवलं होतं. डॉक्टरांनी सकाळीच मला जिन्यात गाठून सांगितलं होतं की याने कळा थांबतील, झोपही लागेल, पण त्या झोपेतून उठतील असं धरून चालू नका. दादाला मी फोनवर सांगितलं होतं, आईला हे कोणी सांगितलं नव्हतं. पण तिच्यापासून आजवर काय लपलंय!

"तो आल्यावर टोचा," ती म्हणाली. "चार तास काय, असे काढीन."

चार तास काढले तिने. कसे, ते विचारू नका. एरवी जिचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा, ती पलंगाची कड धरून पडली होती आणि हूं की चूं करत नव्हती. मधूनच विचारायची, "कुठवर आलं?" आणि मी शहाणी ठोकून द्यायचे, "समुद्र ओलांडला."

मग दादाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात जाऊन घेतला.

"थेट विमानच नाही गं." तो रडत होता. "मध्ये बदलावं लागतं. तिकीट मिळालंय, पण संध्याकाळचं. उद्या दुपारी पोचेन."

"अरे, पण त्या पानावर चार तास..."

"ते नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं असतं. तिथून विमान उडतं की नाही, याच्याशी त्याला काय देणंघेणं!"

मी ओट्याला टेकून उभी राहिले. आईला खरं सांगावं तर ती उद्या दुपारपर्यंत तशीच पडून राहील, याचीच मला धास्ती. बाई हट्टी. परवा म्हटलं असतं तर परवापर्यंत सोसलं असतं तिने.

"दादा, तिला सांग उतरलास म्हणून," मी म्हणाले. "टॅक्सीत आहेस. इंजेक्शन घे म्हणावं, आल्यावर उठवतो."

त्याने नाक ओढलं.

"म्हणजे मला ती भेटायची नाही."

"नाही भेटणार," मी म्हणाले. स्वतःच्या जिभेचा इतका राग मला कधी आला नव्हता. "पण मला तिचे हाल बघवत नाहीत रे. सांग."

मी स्पीकर लावून फोन आईच्या उशीवर ठेवला.

"आई, उतरलो गं. टॅक्सीत बसलोय, रस्त्यात गर्दी आहे. तू इंजेक्शन घेऊन टाक. मी आलो की उठवतो."

लहानपणी साधी थाप मारताना त त प प करणारा माझा भाऊ, पण एकदाही अडखळला नाही. आणि तेवढ्यात त्याच्या मागे त्याचा कुत्रा भुंकायला लागला. बॅग भरताना दिसली की हा कुत्रा असंच घर डोक्यावर घेतो. गेल्या वर्षी आई तीन महिने त्याच्याकडे राहिली होती, तेव्हा तिच्या बॅगेपुढेही त्याने हाच तमाशा केला होता.

मी फोनवर झडप घालणार, तोच आईने माझा हात धरला.

"जेवलास का?" तिने त्याला विचारलं.

"हो, आई."

"मग सावकाश ये. धावपळ करू नकोस."

फोन बंद झाला. तिने सिस्टरांपुढे हात केला. "टोचा."

सुई गेली. तिची बोटं हळूहळू पलंगाच्या कडेवरून सुटली. डोळे मिटता मिटता ती माझ्याकडे वळली.

"त्याला म्हणावं, निघताना कुत्र्याला कुणाकडे तरी ठेव."